क्षितिज गुडघ्याला लागलं पाहिजे

समुद्रावरच्या सहलीहून परतल्यावर मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. वरचा अर्धा भाग पांढुरका-नारिंगी, मधे कुठेतरी इवलासा सूर्य, खालचा अर्धा भाग काळा, आणि त्या काळ्यात नीट निरखून पाहिलं तर आपलंच पोर. प्रत्यक्षात दृश्य केवढं देखणं होतं! मग दोष मोबाइलवर जातो आणि पुढच्या दिवाळीत महागातला घ्यायचं ठरतं. महागातल्या मोबाइलनेही तोच फोटो येतो. कारण हा फोटो कॅमेऱ्याच्या पोटात बिघडलेला नसतो. आपण कुठे उभे आहोत, कॅमेरा किती उंचीवर धरलाय आणि सूर्यास्ताला किती मिनिटं उरलीत, या तीन गोष्टींनी तो बिघडतो. तिन्ही बदलायला पैसे पडत नाहीत.

उदाहरणासाठी अलिबागचा किनारा घेऊ. मुंबई-पुण्याची मंडळी मुलांना घेऊन तिथे जातातच, वाळू काळसर आणि घट्ट आहे, आणि समोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. आकाश आणि पाणी एवढंच असलं की फोटोला आधार राहत नाही. किल्ल्यामुळे तो आयता मिळतो. बाकी इथे सांगितलेलं गुहागरला, तारकर्लीला किंवा गोव्याच्या कुठल्याही पश्चिमाभिमुख किनाऱ्याला तसंच लागू आहे.

पहिलं काम घरीच करायचं, कॅलेंडर बघून. वार नव्हे, तिथी. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराच्या आसपास येते, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाच्या आगेमागे पडते. अष्टमीला नेमकं उलटं: आठ पाऊणे सहा, ऐन संध्याकाळी समुद्र भरलेला. हिशेब ढोबळ आहे, तासाभराची चूक धरून चालायचं, आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघायचंच. पण सहलीचा दिवस ठरवायला तो पुरतो.

ओहोटीच का हवी? पाणी मागे गेलं की लांबच लांब ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर काही क्षण रेंगाळतो. वाळू मुळात गडद, वर पाण्याचा थर, त्यामुळे आकाशाचा सगळा रंग खाली उतरतो. म्हणजे वरचा अर्धा भाग उजळ आणि खालचा काळा, ही मूळ अडचण निम्मी तिथेच सुटते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असल्यामुळे पाणी जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी, तेव्हा फरक कमी. दिवाळीच्या सुट्टीत हे सहज जमून येतं. लक्ष्मीपूजन अमावास्येला, त्यामुळे त्या संध्याकाळी ओहोटी असते. भाऊबीजेला, म्हणजे द्वितीयेला, भरती दुपारी दीडच्या सुमारास. सूर्य मावळताना पाणी मागे हटतच असतं. त्याच सुट्टीत सहल आठवडाभर पुढे ढकलली, तर अष्टमी येते आणि सूर्यास्ताला पायाखाली वाळूची फक्त एक चिंचोळी पट्टी उरते. मुलं मग वर कोरड्या वाळूत, गर्दीत, आणि फोटोत अनोळखी माणसांच्या पाठी.

आता घड्याळ. अलिबागला नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मार्चअखेर सातला दहा-एक मिनिटं कमी असताना, आणि जून-जुलैत सव्वासातनंतर. नागपूरकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिकडे सूर्य पंचवीस-तीस मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे घरच्या अंदाजाने इथे पोचलात तर थोडा वेळ हातात जास्तच राहील. घरून निघतानाचं गणित असं करायचं, की सूर्यास्ताच्या दीड तास आधी वाळूवर पाय लागला पाहिजे. एवढा वेळ प्रकाशासाठी लागत नाही, मुलांसाठी लागतो. समुद्र दिसल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास कुठलंही मूल कॅमेऱ्याचं ऐकत नाही, आणि ऐकावं अशी अपेक्षाही करू नये. पळू द्यायचं, भिजू द्यायचं. सूर्यास्ताला तासभर असताना खायला घालायचं. भेळ, कणीस, घरून आणलेले लाडू, जे असेल ते. ज्या मुलाच्या पोटात काही नाही ते सूर्य क्षितिजाला टेकायच्या बरोब्बर पाच मिनिटं आधी रडायला लागतं, हा माझा आणि मला माहीत असलेल्या सगळ्या आईबापांचा अनुभव आहे.

खाऊन होईपर्यंत प्रकाश वळलेला असतो. मधल्या काळात किती वेळ उरला हे मुलांनाच मोजायला लावा. हात सरळ पुढे ताणायचा, पंजा आडवा धरायचा आणि सूर्य ते क्षितिज या अंतरात किती बोटं मावतात ते बघायचं. पाश्चात्त्य पुस्तकांत एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे तास, असा नियम असतो. तो आपल्याकडे लावला तर फसगत होते. युरोपात सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो. आपल्या 18 अंश अक्षांशावर तो बराच सरळ खाली येतो. त्यामुळे इथे चार बोटं म्हणजे अर्ध्या तासाहून थोडंसं जास्त, एवढंच. मुलाचा हात आखूड असतो पण बोटंही बारीक असतात, म्हणून उत्तर बापाचं आणि लेकाचं जवळपास सारखंच येतं.

दुसरं मोजमाप सावलीचं. चार फूट उंचीच्या मुलाची सावली सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी बावीस-तेवीस फूट होते, आणि पंचवीस मिनिटं आधी सुमारे पंचेचाळीस फूट. वाळूवर पावलांनी मोजायला लावली तर पोरं त्यातच रमतात. आणि फोटो तिथेच असतो: तुम्ही पाठीमागून, सूर्याकडे पाठ करून, सपाट वाळूवर पसरलेली ती लांबलचक सावली, तिच्या टोकाशी दोन इवली पावलं. आडवा प्रकाश वाळूचा प्रत्येक चढउतार उठवून दाखवतो. ओहोटीच्या वाळूवर बारीक खेकडे गोल गोळ्यांची नक्षी काढून ठेवतात. दुपारी ती नुसती पुळणीसारखी सपाट दिसते. या वेळी प्रत्येक गोळीला एक उजळ कड आणि एक सावली मिळते. मूल उकिडवं बसून ती बघत असेल तर तुम्हीही बसा आणि गुपचूप काढा. सूर्यास्ताच्या सहलीतला सगळ्यात चांगला फोटो बऱ्याचदा हा असतो, आणि त्यात सूर्य नसतो.

आता सुरुवातीच्या काळ्या फोटोकडे येऊ, कारण मुख्य गोष्ट तिथे आहे.

सपाट किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं, तर क्षितिजाची रेषा नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. याचा अर्थ असा, की समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ती रेषा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर कापते, तो दहा पावलांवर असो वा पन्नास. तुमचे डोळे पाच फुटांवर असतील, तर समोरच्या सहा फुटी माणसाच्या हनुवटीपाशी क्षितिज येईल. त्याचं डोकं आकाशावर, बाकी शरीर पाण्यावर. आणि साडेतीन फुटी मूल? ते अख्खं क्षितिजाच्या खाली. मागे गडद पाणी, गडद वाळू, पुढे गडद मूल. आकाश कितीही पेटलेलं असलं तरी त्या मुलाच्या मागे आकाश नाहीच. म्हणून ते काळ्यात काळं होऊन जातं. सूर्यास्ताच्या फोटोत मोठी माणसं बरी दिसतात आणि मुलं हरवतात, त्याचं कारण एवढंच आहे.

उपाय कॅमेरा खाली नेण्याचा. तो वाळूपासून वीतभर किंवा फार तर दीड वीत उंचीवर आणा. आता क्षितिज मुलाच्या गुडघ्याला लागतं आणि मांडीपासून डोक्यापर्यंतचं सगळं शरीर उजळ आकाशावर येतं. डोक्यावरचे विस्कटलेले केस, कोपरांमधली फट, हातातली पाण्याची बादली, सगळं कापून काढल्यासारखं स्पष्ट. प्रयोग म्हणून उभ्याने एक आणि वाळूवर बसून एक असे दोन फोटो लागोपाठ काढून बघा. सूर्य, मूल, मोबाइल तेच असूनही दोन वेगळ्या संध्याकाळी वाटतात. मोबाइल असेल तर तो उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येईल आणि आणखी दोन-चार इंच मिळतील. गुडघे ओले होणार हे गृहीत धरूनच कपडे घालावेत.

काळ्या आकृतीत चेहरा नसतो, म्हणून शरीराने बोललं पाहिजे. हात अंगाला चिकटवून सरळ उभं राहिलेलं मूल खांबासारखं दिसतं. पण मुलांना पोझ द्यायला लावणं हे काम मी कधीच करत नाही. लाटेच्या मागे पळायला सांगितलं की हात, पाय, केस आपापले सुटे होतात. दोन मुलं असतील तर मधून उजेड दिसेल एवढं अंतर दोघांत हवं. एकमेकांत मिसळलेल्या दोन आकृत्यांचा एक ओबडधोबड गोळा होतो. धावत्या मुलासाठी कॅमेऱ्यात शटरचा वेग एक सेकंदाच्या पाचशेव्या भागाएवढा ठेवा. मोबाइल सूर्यासमोर असताना तो वेग आपोआप घेतो. तिथे फक्त बटण दाबून धरून सलग फोटो काढायचे.

मोबाइलला एकच गोष्ट मात्र हाताने सांगावी लागते. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो आणि काळं पोर, काळी वाळू दिसली की तिला उजळ करायला जातो. मग आकाश पांढरं पडतं. सूर्याच्या शेजारच्या, सूर्यावर नव्हे, उजळ आकाशावर बोट दाबून धरा. आयफोनवर पिवळी पट्टी येते, अँड्रॉइडच्या बऱ्याच मोबाइलवर कुलपाचं चिन्ह. म्हणजे उजेड आणि फोकस कुलूपबंद झाले. आता बोट खाली सरकवून चित्र थोडं अंधारं करा, आकाशातला केशरी दाटून येईपर्यंत. मोठ्या कॅमेऱ्यात हेच काम एक्स्पोजर एक-दीड पायरी खाली ओढून होतं. शिवाय व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा पिवळेपणा हा दोष समजून तो धुऊन काढतो. ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ निवडलं की संध्याकाळ संध्याकाळसारखी येते. आणि या सगळ्याआधी लेन्स पुसा. भेळेचे हात लागलेल्या लेन्सवर सूर्य पडला की सगळ्या फोटोवर धुरकट पडदा येतो, आणि लोक त्याला फिल्टर लावून अजून घालवतात.

चेहरा हवा असेल तर सूर्य मावळायची वाट बघा. हे उलटं वाटेल, पण सूर्य बुडाल्यावरची दहा मिनिटं मुलांच्या चेहऱ्यासाठी सगळ्यात उत्तम. सूर्य असताना त्याच्याकडे तोंड केलेलं मूल डोळे बारीक करतं, पाठ केलेलं मूल काळं पडतं. बिंब गेलं की सगळं पश्चिमेचं आकाश हाच एक प्रचंड मऊ दिवा होतो. मुलाला समुद्राकडे तोंड करून उभं करा, तुम्ही समुद्राकडे पाठ करा. गालांवर गुलाबी उजेड, डोळ्यांत आख्खं आकाश, कुठेही कडक सावली नाही. ढग नसतील तर याच वेळी मुलाच्या मागे, पूर्वेकडे, सुरूच्या शेंड्यांच्या वर एक राखाडी-निळा पट्टा चढताना दिसतो आणि त्यावर गुलाबी कड. तो राखाडी पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. किनाऱ्यावरची झाडून सगळी गर्दी पश्चिमेकडे बघत असते, त्यामुळे हे दृश्य तुमच्या एकट्याचं असतं.

रंग येतो कुठून, हे मुलं विचारतातच. सूर्यप्रकाशातला निळा भाग हवेच्या रेणूंवर आपटून सगळीकडे जास्त विखुरतो, तांबडा कमी. लॉर्ड रॅले यांनी 1871मध्ये याचं गणित मांडलं. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश सुमारे 38 पट जाड हवेतून येतो. निळा वाटेतच गळतो, आपल्यापर्यंत पोचतो तो केशरी-तांबडा. आणखी एक गंमत सांगा: बिंब क्षितिजाला टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य खरा तर आधीच खाली गेलेला असतो. वातावरण प्रकाशाला वाकवतं आणि आपल्याला तो वर उचललेला दिसतो. यावर दहा वर्षांचं मूल बराच वेळ वाद घालतं, आणि तेवढ्यात तुमचे चार फोटो होतात.

हवेचा हंगामही असतो. परतीच्या पावसानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, हवा धुतलेली असते आणि आकाशात थोडे ढगही असतात. तेव्हाचे रंग सगळ्यात खोल. थंडीत धुरकं वाढतं, आणि बऱ्याचदा सूर्य क्षितिजापर्यंत पोचायच्या आधीच त्या धुरक्यात विरून जातो. अशा दिवशी दहा मिनिटं आधीच तुमचा सूर्यास्त झाला असं समजून चाला. उंचावर विरळ ढग असले तर उलट लवकर निघू नका. सूर्य बुडाल्यावर त्यांना खालून उजेड लागतो आणि खरा रंग तेव्हाच भरतो. गाडीत लवकर बसणाऱ्यांना तो आरशात दिसतो. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असतो. मुलांना घेऊन किनाऱ्यावर फोटोचा विचारही नको.

आता किल्ला. हा आंग्र्यांच्या आरमाराचा किल्ला. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. किनाऱ्यावरून तो पश्चिमेपेक्षा थोडा डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे दिसतो. सूर्य मावळण्याची जागा मात्र वर्षभर सरकत राहते. मार्च आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो नेमका पश्चिमेला मावळतो. डिसेंबरअखेर पश्चिमेच्या सुमारे 25 अंश डावीकडे, जूनअखेर तेवढाच उजवीकडे. त्यामुळे किल्ल्यामागे सूर्य हवा असेल तर थंडीचे महिने सोयीचे. तरीही तो अचूक मागे येईल असं नाही. किल्ला जागचा हलत नाही, म्हणून आपण हलायचं. सूर्य किल्ल्याच्या डावीकडे उतरेल असं दिसत असेल तर किनाऱ्याने उजवीकडे चालत जा. उजवीकडे उतरत असेल तर डावीकडे. किल्ला किलोमीटरभर अंतरावर असेल तर शंभर मीटर चालण्याने तो सूर्याच्या मानाने जवळपास सहा अंश सरकतो, म्हणजे अकरा सूर्यबिंबांइतका. चालणं फार नाही, मुलांनाही झेपतं.

यात एक खाच आहे. सूर्य सरळ खाली येत नाही, उतरता उतरता उजवीकडे सरकतो. चार बोटं उंचीवर असताना तो जिथे दिसतो, त्याहून सुमारे पाच बिंबांइतका उजवीकडे तो बुडतो. हे धरूनच जागा निवडायची, नाहीतर ऐन वेळी कॅमेरा काखोटीला मारून धावावं लागतं. आणि एकदा बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकली, की पूर्ण बुडायला जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. आधी चौकट जुळवून ठेवलेली नसेल तर त्यात काही होत नाही.

या फोटोपुरता मोबाइलचा नेहमीचा लेन्स निरुपयोगी आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. त्यात सूर्याचं बिंब फोटोच्या रुंदीच्या साधारण दीडशेव्या भागाएवढं येतं, किल्ला एक रेघ होतो. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सने तेच बिंब रुंदीच्या एकोणिसाव्या भागाएवढं होतं. तसा लेन्स नसेल तर मोठ्या सूर्याचा हट्ट सोडा आणि ओल्या वाळूतला उजेड, मूल, लांबवर किल्ल्याची आकृती असं रुंद चित्र घ्या. मोबाइल तिथे फार चांगला चालतो. लांब पल्ल्याचा लेन्स आणि आरपार दिसणारा व्ह्यूफाइंडर असेल, तर त्यातून सूर्याकडे बघू नका आणि मुलांना तर डोळा लावूच देऊ नका; भिंगातून एकवटलेला सूर्य डोळ्याला कायमची इजा करतो. मागच्या पडद्यावर बघून काढा.

ओहोटीत किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं, घोडागाड्याही जातात, आणि मुलं हट्ट धरतात. तो दिवस वेगळा ठेवा. सूर्यास्ताच्या फोटोसाठी पाण्याच्या अलीकडे राहायचं आहे. भरती लागल्यावर अंधारात मुलांना घेऊन परतणं हा धोका आहे. किल्ल्यात जायचंच असेल तर पाणी कधी चढणार हे तिथल्या घोडागाडीवाल्यांना विचारून, दिवसाउजेडी जाऊन या. आणि एक नियम आमच्या घरात पक्का आहे: ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्यावर मुलांची जबाबदारी नाही. ती त्या वेळेपुरती दुसऱ्या मोठ्या माणसाकडे, तोंडी सांगून द्यायची. ‘तू बघतोयस ना?’ आणि ‘मला वाटलं तू बघतेयस’ यांच्या मधल्या जागेत लाट येते. एकच मोठं माणूस बरोबर असेल तर पोटरीपर्यंतच्या पाण्यातही फोटोसत्र नको, कोरड्या वाळूवर जे मिळेल ते घ्या.

बिंब बुडाल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांत आकाश निळं-जांभळं होत जातं. उत्तरेकडच्या देशांत हा वेळ तासभर टिकतो, आपल्याकडे पटकन सरतो. इथे ट्रायपॉड हवा. नसेल तर वाळूचा उंचवटा करून, वर चप्पल ठेवून मोबाइल टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. मोबाइलचा नाइट मोड दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो. तेवढ्यात मूल हललं की त्याचं भूत होतं. यावर कुठलंही तंत्र शिकवायची गरज नाही. ‘स्टॅच्यू!’ म्हणायचं. तीन सेकंद काय, तीस सेकंद थांबतात, आणि मग हसण्याने कोलमडतात. त्या कोलमडण्याचा फोटो हवा असेल तर नाइट मोड बंद करा, कॅमेऱ्यात आयएसओ 1600 ते 3200 आणि वेग एकशेपंचविसावा भाग ठेवा. थोडे दाणे येतील, येऊ द्यात.

पौर्णिमेला गेला असाल तर याच वेळी मागे चंद्र उगवतो. पण फोटोसाठी चतुर्दशी बरी. आदल्या दिवशी चंद्र पाऊण-एक तास आधी उगवतो, त्यामुळे सूर्य मावळताना तो झाडांच्या वर आलेला असतो आणि आकाशात उजेडही असतो. चंद्र आणि माडांची झापं दोन्ही एका फोटोत नीट येतात. पौर्णिमेला तो झाडांच्या वर येईपर्यंत काळोख होतो आणि फोटोत नुसता पांढरा ठिपका उरतो.

सहलीत जुना मोबाइल मुलांच्या हाती द्यायला काहीच हरकत नाही. दोरी बांधून गळ्यात अडकवा. सूचना फार देऊ नका. त्यांची उंची साडेतीन फूट असल्यामुळे क्षितिज त्यांच्या फोटोत आपोआप खाली असतं, आणि तुमचा त्यांनी काढलेला फोटो तुम्ही काढलेल्या त्यांच्या निम्म्या फोटोंपेक्षा चांगला निघतो. रात्री निवडतानाही त्यांना बसवा. क्षितिज तिरकं असेल तर सरळ करा, सावल्या थोड्या उचला, रंग वाढवायची पट्टी मात्र हलवू नका. केशरी वाढवला की पोरांचे चेहरे हळद लावल्यासारखे होतात. लेन्सवर वाळू असेल तर आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने काढा, मग ओलसर कापडाने खार पुसा. कोरडंच पुसलं तर वाळू काचेवर ओरखडे काढते. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या खेपेला उघडत नाहीत.

किल्ल्यामागचा सूर्य हुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून तो मिळणार नाही. नोव्हेंबरात मावळती रोज जवळपास अर्ध्या बिंबाने डावीकडे सरकते, तेवढी पावलं उजवीकडे टाकावी लागतील. आणि तीच जागा, तोच सूर्य हवा असेल तर 21 डिसेंबरच्या अलीकडे जेवढे दिवस, तेवढेच पलीकडे मोजा. 10 नोव्हेंबरला सूर्य जिथे मावळला, तिथेच तो 31 जानेवारीच्या सुमारास पुन्हा मावळतो. फक्त त्या दिवसाची तिथी आधी बघून घ्या.